गाडीची झोपमोड

गाडी नुसती ‘टक्’ म्हणाली आणि गप्प बसली. डॉक्टरांनी बटण पुन्हा दाबलं. या वेळी तिने तेवढंही केलं नाही. समोर कसलंसं पिवळं चित्र उजळलं, आपलं काही चुकलं की काय अशा चेहऱ्याने जरा थरथरलं आणि विझलं. गाडी नवी होती. इतकी नवी, की मागच्या सीटवरचं प्लास्टिक बायकोने अजून काढू दिलं नव्हतं आणि गाडीच्या रंगाला काय म्हणायचं यावर घरात एकमत व्हायचं होतं. विकणाऱ्याने त्या रंगाचं चंद्राशी नातं सांगणारं काहीतरी नाव घेतलं होतं. बायको त्याला ओल्या राखेचा रंग म्हणायची. या वयात कोणी असं अचानक जात नाही, असं डॉक्टरांच्या मनात आलं, आणि जातातही, हेही लगेच आलं, कारण त्यांनी ते पाहिलं होतं. डॉक्टर भुलीचे होते. जन्मभर त्यांनी माणसांना झोपवलं आणि, हे लोकांच्या ध्यानात राहत नाही, उठवलंही. लोकांच्या ध्यानात राहतो तो कापणारा. तो दुसऱ्या दिवशी वॉर्डात येतो, खांद्यावर हात ठेवतो, नातेवाइकांनी आणलेली फुलं स्वीकारतो. भूल देणारा दिसतो तेव्हा त्याच्या तोंडावर फडकं असतं आणि पुढच्या क्षणी पाहणाराच जागेवर नसतो. ‘लोकांना काही आठवू नये याचेच मी आयुष्यभर पैसे घेतले,’ असं ते निवृत्तीच्या समारंभात म्हणाले होते आणि सगळे हसले होते. ऑपरेशन थिएटरमधल्या नर्सेस त्यांना पाठीमागे ‘अंगाई’ म्हणत. हे त्यांना कळलं होतं, आणि कळल्याचं त्यांनी कधी कळू दिलं नव्हतं. अशा माणसापुढे एक कोरी करकरीत गाडी झोपली होती आणि उठत नव्हती.

शेजारचा कर्नल धावत आला. हा कर्नल सैन्यात कधीच नव्हता. त्याने जन्मभर पडद्यांचं कापड विकलं. पण मिशी तशी होती, आणि मिशीला शोभेल असं आयुष्य मिळालं नाही त्याची भरपाई म्हणून गल्लीने त्याला हुद्दा दिला होता. एका गाडीतून दुसरीत वीज न्यायच्या लाल-काळ्या तारा त्याने कधीच्या घेऊन ठेवल्या होत्या, आणि घेतल्यापासून गल्लीत एकही गाडी बंद पडली नव्हती. त्यामुळे आज त्याचा चेहरा लग्नघरासारखा उजळला होता.

“बॅटरी उतरली,” तो बॉनेटखाली डोकं घालून म्हणाला. “पार उतरली. आतला दिवा राहिला असेल बघ.”

“दिवा मी बंद केला होता.”

“राहतो रे. या वयात होतं असं.”

“बॅटरीच्या?”

“बॅटरी नवी आहे,” कर्नल सहज म्हणाला आणि काळ्या तारेचा चिमटा शोधू लागला.

बायको दारात येऊन उभी होती. ती पदराला हात पुसत होती, आणि हात कोरडे होते. ती गाडीकडे पाहत होती, डॉक्टरांकडे नाही. इतकी वर्षं जिच्याशी संसार केला तिने नेमकं कुठे पाहिलं नाही हे माणसाला बरोबर कळतं. गाडी सुरू झाली, कर्नलने तारा गुंडाळल्या, चार दिवस पुरेल इतका आनंद घेऊन तो परत गेला. पण ‘या वयात होतं असं’ हे वाक्य तो तिथेच विसरून गेला होता आणि ते डॉक्टरांबरोबर घरात आलं. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. भाऊ पाणीखात्यात नकाशे काढायचा. शहराच्या पोटात कुठली नळी कुठे वळते हे त्याला डोळे मिटून सांगता यायचं. आधी न्हाणीघरातला दिवा राहायला लागला. मग नळ. पाणीखात्यातल्या माणसाने नळ उघडा टाकावा याची घरात थट्टा झाली, आणि थट्टेत पहिलं वर्ष निघून गेलं. मग एका दुपारी डॉक्टर त्याच्याकडे गेले, तर ज्याने त्यांना जन्मात ‘तू गप्प रे’ यापलीकडे काही म्हटलं नव्हतं तो भाऊ खुर्चीवरून उठून म्हणाला, ‘बसा ना. आपण कुठून आलात?’ विस्मरणाने माणसं चिडचिडी होतात असं पुस्तकात लिहिलं होतं. भाऊ सभ्य झाला. घरातल्या लहानांना त्याचं हसू आलं. डॉक्टर मात्र ‘जवळूनच आलो’ असं उत्तर देऊन मुकाट बसले होते. तेव्हापासून त्यांच्याशी कोणी विनाकारण अदबीने वागलं की त्यांना भावाची ती खुर्ची आठवत असे.

कंपनीच्या वर्कशॉपमधला टाय लावलेला तरुण अतिशय अदबीने वागला. त्याने गाडीला एक यंत्र लावलं, यंत्राने पडद्यावर हिरव्या खुणा केल्या. “सगळं नॉर्मल आहे, सर.” हा शब्द डॉक्टरांनी स्वतः हजारो नातेवाइकांना सांगितला होता, तो ऐकणाऱ्याला इतका गार लागतो याची त्यांना कल्पना नव्हती. “मग बॅटरी उतरली का?” त्यांनी विचारलं. “कधीकधी होतं, सर.” “कशाने?” “वापरामुळे.” “किंवा?” “किंवा न वापरल्यामुळे.” डॉक्टरांना त्या पोराबद्दल एकदम आपुलकी वाटली. निदान झालं नाही की असंच बोलायचं असतं. फक्त टाय सरळ असला पाहिजे. गाडी घरी आली, आठवडाभर शहाण्यासारखी वागली आणि एका सकाळी पुन्हा ‘टक्’ म्हणून गप्प झाली. कर्नल तारा घेऊन आला. या खेपेला तो काहीच बोलला नाही, आणि डॉक्टरांना ते बोलण्यापेक्षा वाईट वाटलं.

मग त्यांनी थिएटरची शिस्त गाडीला लावली. रोग्याला भूल देण्याआधी एकेक गोष्ट मोठ्याने उच्चारायची आणि नर्सने ती बघून ‘पाहिलं’ म्हणायचं, अशी त्यांची पद्धत होती. ऑक्सिजन. पाहिलं. सक्शन. पाहिलं. त्या दोन आवाजांच्या मध्ये माणसाचा जीव सुरक्षित असतो असं त्यांना वाटायचं. आता ते संध्याकाळी गाडी लावून झाली की आतच बसून म्हणत, “पुढचे दिवे,” आणि स्वतःच, थोड्या बारीक आवाजात, “पाहिलं.” “आतला दिवा.” “पाहिलं.” पण एकाच माणसाने दोन्ही आवाज काढले तर त्यात साक्षीदार कोण? किल्ली ते दाराआतल्या खुंटीला अडकवत. अडल्यानडल्या वेळी रुग्णालयातून बोलावणं यायचं तेव्हापासूनची ती खुंटी; अंधारात हात बरोबर तिथे जायचा, आणि त्या भिंतीला पाठ लावून पलीकडे गाडी उभी असायची, निघायला तयार. किल्ली अडकवली की बरं वाटायचं. ते बरं वाटणं सकाळपर्यंत टिकत नसे. कारण आपण पाहिलं हे आठवणं वेगळं आणि पाहणं वेगळं, आणि पहिल्यावर आता त्यांचा विश्वास उरला नव्हता. तेव्हा उजाडताना, बायको मागच्या अंगणात झाडांना पाणी घालत असे तेवढ्यात, ते किल्ली काढून बाहेर जात, गाडी उघडत, सगळे दिवे पुन्हा बघत आणि चोरासारखे आत येत. बायको काही विचारत नसे. तिचं हे न विचारणं घरभर पसरलं होतं, गॅस राहिल्यासारखं. दिसत नव्हतं, पण काडी ओढायची छाती होत नव्हती. पूर्वी ती बोलायची. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई, तिला प्रत्येक गोष्टीचा ताळा करून पाहायची सवय. डॉक्टरांच्या प्रत्येक गोष्टीतली चूक ती जेवता जेवता काढत असे. आता त्यांनी मुद्दाम एकदा चुकीची तारीख सांगितली, तरी ती ‘असेल’ म्हणाली. माणूस आजारी आहे असं ठरलं की त्याच्या चुका काढणं बंद होतं. भावाच्याही शेवटी शेवटी कोणी काढत नसे.

मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरीला होती आणि आईवडिलांची काळजी रविवारी करायची. “बाबा, एकदा कुणाला तरी दाखवून या ना.”

“दाखवली. नॉर्मल आहे म्हणाला.”

“गाडी नाही, बाबा.”

डॉक्टरांनी फोन बायकोकडे दिला. बायकोने तो कानाला लावून बराच वेळ नुसतं ‘हं, हं’ केलं आणि शेवटी “बघू” म्हणाली. त्या ‘बघू’चा कर्ता कोण, हे विचारायचं डॉक्टरांच्या ओठांवर आलं होतं. ते उठून आडवे व्हायला गेले. दुपारच्या जेवणानंतर त्यांना झोप लागत असे, पण हल्ली ते झोपेचं सोंग घेत. त्यात ते तरबेज होते. खऱ्या झोपेत पापणी सैल असते. सोंग घेणाऱ्याची पापणी थरथरते, कारण मिटून ठेवायलाही कष्ट पडतात. कित्येक सोंगं त्यांनी पापणीच्या केसांवरून बोट फिरवून उघडी पाडली होती, त्यामुळे स्वतःची पापणी कशी ठेवायची हे त्यांना ठाऊक होतं. बायको खोलीच्या दारात आली. थोडा वेळ उभी राहिली. इतक्या वर्षांत तिला हे एक सोंग ओळखता आलं नाही याचं त्यांना वाईटही वाटलं आणि बरंही. मग पावलं लांब गेली, आणि खुंटीवरून किल्ली काढल्याचा बारीकसा आवाज आला.

ते खिडकीशी गेले. बायकोला गाडी चालवता येत नव्हती. तिने गाडी उघडली. छपराचा दिवा लागला, तो तिने बंद केला, लावला, बंद केला. पुढच्या दिव्यांपाशी जाऊन, उन्हात नीट कळत नाही म्हणून, तिने दोन्ही हातांचा आडोसा करून आत डोकावून पाहिलं, विहिरीत पाहावं तसं. डॅशबोर्डचा कप्पा उघडून त्यातला इवलासा दिवा पाहिला. डिकी पाहिली. दार लावून मूठ ओढून बघितली, घराकडे निघाली, थबकली, परत गेली आणि पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टरांना त्यातली एकेक हालचाल तोंडपाठ होती. ती रोज पहाटे त्यांची स्वतःची असायची. म्हणजे ठरलं. म्हणजे आपण झोपल्यावर आपली तपासणी होते, आणि ती मुलीला कळवली जाते, आणि हे सगळं आपल्याला दुखवायचं नाही म्हणून. भावाच्या बायकोनेही असेच नळ तपासले असतील. रागवावं की आभार मानावेत हे न ठरवता ते चपला न घालता बाहेर गेले.

“सापडला का?” त्यांनी विचारलं.

ती दचकली. “कोण?”

“मी विसरलेला दिवा.”

भलत्याच गणिताचं उत्तर देणाऱ्या मुलाकडे पाहावं तसं तिने त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही?” ती म्हणाली. “तुमचा काय संबंध?”

मग ती चालकाच्या सीटवर बसली, दोन्ही हात चाकावर ठेवून, जणू हे सांगायला काहीतरी धरायला हवं होतं. “गाडी पहिल्यांदा बंद पडली ना, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी इथे चष्मा शोधायला आले होते. चष्मा डोक्यावरच होता. शोधायला हा दिवा मी लावला होता.”

“मग बंद केला असशील.”

“असशील. दुसऱ्याला म्हणायला सोपं असतं हो ते. हात वर नेल्याचं आठवतंय मला. पुढचं नाही. कितीही आठवलं तरी हात तिथेच. वरच.” तिने हात वर नेऊन दाखवला आणि तो तसाच राहिला. “आणि नुसतं एवढंच असतं तर. परवा अंथरुणात पडल्या पडल्या पाढे म्हणत होते. तेरा साते. पुढे काही येईचना. तेरा सातेवर मी किती वेळ उभी होते.”

“एक्क्याण्णव,” डॉक्टर म्हणाले.

“आता माहीत आहे मला.”

डॉक्टर पलीकडून येऊन शेजारी बसले. घरात विसरण्याचा मान फक्त आपलाच, असं ते इतके दिवस धरून बसले होते. तिचं गप्प राहणं, न विचारणं, ‘असेल’, ‘बघू’, हे सगळं त्यांनी आपल्या नावावर जमा करून घेतलं होतं. या घरात आणखी एक डोकं आहे आणि त्यालाही भीती वाटू शकते हे त्यांच्या मनाला शिवलंही नव्हतं. ती त्यांच्या चुका काढत नव्हती, कारण तिचा स्वतःच्या ताळ्यावरच भरवसा उरला नव्हता. थिएटरमध्ये रोगी घाबरला की ते त्याचा हात धरून उलटे आकडे म्हणायला लावत, शंभर, नव्याण्णव. आता आकड्यांचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. त्यांनी नुसता हात धरला, तो अजून वरच होता, आणि खाली आणला.

“मीही येतो,” ते म्हणाले. “उजाडताना. तू झाडांपाशी असतेस तेव्हा.”

“कुठे येता?”

“इथेच. दिवे बघायला.”

“रोज?”

“रोज.”

“आणि मी दुपारी,” ती म्हणाली. मग छपराचा दिवा, कोणी काही न करता, हळूहळू मंद होत आपला आपण विझला. दोघंही त्याच्याकडे बघत होते. डॉक्टरांना एक म्हातारी आठवली, ऑपरेशननंतरची. तिचे दोन मुलगे आळीपाळीने तिला हलवून विचारायचे, आई, झोप नीट लागलीय ना. तिसऱ्या दिवशी म्हातारीने डॉक्टरांची बाही धरून विनवलं होतं, यांना घरी पाठवा हो.

“ही झोपणार तरी केव्हा?” बायको गाडीबद्दल म्हणाली.

टायवाल्या तरुणाला फोन लावला, तेव्हा हे सगळं त्याच्या शास्त्रात बसलं. दार उघडलं की गाडीची सगळी यंत्रणा जागी होते आणि पुन्हा झोपायला तिला वेळ लागतो, असं तो म्हणाला; न चालवता नुसती सारखी उघडझाप केली तर बॅटरी जाणारच. मग त्याने विचारलं, “किल्ली कुठे ठेवता, सर?”

“दारामागच्या खुंटीला.”

“आणि गाडी?”

“भिंतीपलीकडे.”

“मग तसंच होणार, सर. किल्ली जवळ असली की तिला वाटतं तुम्ही आलात. ती वाट बघत राहते. पत्र्याच्या डब्यात ठेवत चला, म्हणजे तिला पत्ता लागणार नाही.”

“पण पहिल्या वेळी कशाने झालं?” बायकोने मध्येच वाकून फोनमध्ये विचारलं. “दिव्यामुळे?”

“पहिल्या वेळचं आता सांगता येणार नाही, मॅडम.”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खुंटीकडे पाहत होती. “भिंतीपलीकडे माणूस आहे म्हणून आपण जागं राहायचं,” ती म्हणाली. “हिला काय, हे आत्ता कळतंय. मला कधीचं ठाऊक आहे.” डॉक्टरांना रात्रपाळीहून परत आल्यावर आपण बाहेरच्या खोलीत झोपत असू ते आठवलं. तिची झोपमोड नको म्हणून. ती झोपलेली असते हे त्यांनी कधी पापणीवरून बोट फिरवून पाहिलं नव्हतं. बायकोने किल्ली काढली, स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या पत्र्याच्या डब्यांपैकी एकात टाकली आणि झाकण दाबून बसवलं. खुंटीला आता नुसती डॉक्टरांची टोपी राहिली. त्या रात्री दोघंही गाढ झोपली, आणि बहुधा गाडीही. पण पहिल्या वेळचं उरलंच होतं, आणि ते कुठल्या डब्यात घालता येत नव्हतं. तेव्हा डॉक्टरांनी स्मृतीच्या विकारांवर काम करणाऱ्या एका डॉक्टरकडे वेळ घेतली. पूर्वी हा त्यांच्या हाताखाली होता.

“दोघांची नावं सांगा,” बायको म्हणाली.

“आधी कोणाचं?”

“वयाने तुमचं. घाबरण्यात माझा नंबर पहिला.”

तपासणीच्या सकाळी डॉक्टर बूट घालत होते. “किल्ली घेतेस का?” त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं. ते स्वयंपाकघरात गेले, तर ती फळीपुढे उभी होती आणि हात वर गेलेला होता. चहा, साखर, बिस्किटं, दोरे, बटणं. पाचही डबे सारखेच, पत्र्याचे, एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेले. हात कुठल्याच डब्याकडे जात नव्हता. तिची पापणी थरथरत होती. डॉक्टरांना ठाऊक होतं, बटणांचा डबा. तिने किल्ली टाकली तेव्हा ते शेजारीच उभे होते; बटणांवर किल्ली पडल्याचा आवाजही त्यांच्या कानात होता.

“मलाही आठवत नाहीये,” ते म्हणाले. हा आवाज त्यांनी जन्मभर एकाच कामासाठी वापरला होता. या आवाजाने धिप्पाड माणसंसुद्धा निमूटपणे डोळे मिटायची.

तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं. हात खाली आला. “मग शोधू या,” ती म्हणाली, आणि तिच्या खांद्यांतला ताण उतरलेला त्यांना दिसला. डॉक्टरांनी चहाचा डबा उघडून चमचा घालून पाहिलं. तिने साखरेत पाहिलं. त्यांनी बिस्किटांचा घेतला, आणि अगदी सहज, दोऱ्यांचाही आपल्याकडे ओढला, म्हणजे शेवटचा तिच्या वाट्याला यावा. ते दोऱ्यांची रिळं मुद्दाम सावकाश उचलत राहिले. असं काही करण्याची पाळी आयुष्यात आपल्यावर परत येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. माणसाला अलगद पलीकडे न्यायचं आणि त्याला कळू द्यायचं नाही.

तिने बटणांचा डबा उघडला. आत बोटं घातली. बटणं होती.

डॉक्टरांनी रीळ खाली ठेवलं. त्यांनी डबा तिच्याकडून घेतला आणि तळापर्यंत हात घातला. शर्टाची, कोटाची, मुलीच्या लहानपणच्या फ्रॉकची लाल, सगळी बटणं बोटांतून निसटली. मग त्यांनी डबा ओट्यावर पालथा केला. बटणं घरंगळली, दोन खाली पडली. त्यात किल्ली नव्हती.

“तुम्हाला माहीत होतं ना?” बायकोने विचारलं. “मघाशी, आठवत नाही म्हणालात तेव्हा?”

“होतं.”

“कुठे होती म्हणून?”

डॉक्टरांनी बटणांकडे बोट दाखवलं. पापणी सैल ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ती त्यांच्याच्याने राहीना.

“आणि आता?”

“आता खरंच आठवत नाही.”

ती त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि मग तिच्या पोटातून हसू यायला लागलं. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. त्यांना वाटलं ती रडते आहे, आणि कदाचित थोडी रडतही असेल, पण मग आवाज फुटला आणि तो हसण्याचाच होता. त्यांनाही हसावंच लागलं. भिंतीपलीकडे गाडी गाढ झोपली होती. आपली किल्ली कुठे आहे याचा तिला पत्ता नव्हता, आणि तसा तो आता कोणालाच नव्हता.

“उशीर होणार,” ती डोळे पुसत म्हणाली. “काय सांगायचं त्याला?”

“खरं ते सांगू. अर्धी तपासणी घरीच झाली.”

तिने बटणं ओंजळीने डब्यात भरली, खाली पडलेली दोन उचलली आणि झाकण लावलं. मग फळीवरून पहिला डबा पुन्हा खाली काढला, उघडला आणि त्यांच्यापुढे धरला.

“चहा,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी वाकून नीट बघितलं.

“पाहिलं,” ते म्हणाले.